कोपरावरचे मांडे

धनश्रीची समजूत होती की सरलामावशीचा उजवा हात आता कशाच्याच कामाचा राहिला नाही. सहा वर्षांपूर्वी बमरोलीच्या कापड मिलमध्ये मावशी चालू मशीनचा रोलर पुसत होती. रोलरने फडकं ओढलं आणि फडक्यामागोमाग तीन बोटं गेली. तेव्हापासून मावशी पॅकिंगच्या टेबलावर, आणि तिच्या जागी आता धनश्री. तीही मशीन चालू ठेवूनच पुसायची. बंद केलं की सुपरवायझर भूपेंद्रभाई डोक्यावर येऊन बसायचा. वर "माझा हात चटपटीत आहे," असा तोराही मिरवायची. मावशी ऐकून घ्यायची.

आखाजीच्या सणाला मात्र मावशीने तिला घरी बोलावलं. दारात चूल पेटलेली, वर पालथं घातलेलं मातीचं खापर. मांडे करायला कोणी जाणती बाई येणार असेल, असं धनश्रीला वाटलं. तर मावशीच पदर खोचून बसली. पुरण भरलेला गोळा तिने हातावर घेतला. बोटांचं काम तिने मनगटाला शिकवलं होतं आणि मनगटाचं कोपराला. या हातावरून त्या हातावर पोळी झुलत राहिली, वाढत राहिली, कोपरापर्यंत उतरली. इतकी पातळ, की आतलं पुरण दिसावं. कुठे भोक म्हणून नाही. मग अलगद खापरावर. धनश्रीने स्वतः करून पाहिला, तो मांडा दहा बोटांतून फाटून चुलीत गेला.

"पोरी, मले हाई परत शिकाले तीन वरीस लागनात," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रोलरवर धाग्यांचा गुंता साचला. धनश्रीचा हात सवयीने पुढे गेला आणि अर्ध्यातच थांबला. तिने लाल बटण दाबलं.

भूपेंद्रभाई तरातरा आला. "मशीन किसने बंद किया?"

"मैंने. पहले साफ करूँगी."

तो तोंड उघडणार, तोच त्याची नजर पॅकिंगच्या टेबलाकडे गेली. मावशी उभी राहून बघत होती. सहा वर्षांपूर्वी तिला 'चालूच ठेव' म्हणणारा तोच होता. धनश्रीचं पुसून होईपर्यंत तो स्वतः बटणापाशी उभा राहिला.

सुटल्यावर धनश्रीने मावशीला गाठलं. "मावशी, मला मांडे शिकवशील? रविवारी येते. येताना काय आणू?"

"पीठ, पुरन मन्हाकडे शे," मावशी म्हणाली. "तू फक्त दोन्ही हात लई येजो."