डाव्या हाताचे चाळीस सेकंद

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. सतराव्या वर्षी या कामाला लागले, आता पंचावन्न पूर्ण झाली. लिफ्टच्या दारात डोळे मिटून उभे राहतात आणि नुसत्या आवाजावरून सांगतात, दोर घासतोय की ब्रेक झिजलाय. कामात एकदम शहाणा माणूस. पण घरी आले की त्यांच्या अंगात तो बँड संचारतो, आणि मग त्या शहाणपणाचं काय होतं ते मला विचारा.

प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात त्याला. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, गाणं म्हणजे गाणं, चार-पाच मिनिटांत संपेल. कसलं काय! एकेक गाणं तेवीस मिनिटांचं. माझी भांडी घासून होतात, ओटा पुसून होतो, तरी गायकानं अजून तोंड उघडलेलं नसतं. आणि ठेका साधा चाराचा नाही, आठाचा नाही, तेराचा! सव्वीस वर्षं हा माणूस जेवताना डाव्या हातानं टेबलावर तेरा मोजतोय. मुलीला बोटांवर आकडे शिकवले तेव्हा तिलाही दहाला थांबू दिलं नाही. शाळेतल्या बाईंनी त्यासाठी मला बोलावून घेतलं होतं.

या सगळ्याच्या मुळाशी एक डावा हात आहे. त्या तेवीस मिनिटांच्या गाण्यात मध्येच ड्रम थांबतात, दोनदा घंटा वाजते, आणि मग चाळीस सेकंद एकटा कीबोर्ड वाजतो, इतका भरभर की ऐकणाऱ्याला धाप लागावी. हे म्हणतात, बँडमधला म्हातारा तो तुकडा एकट्या डाव्या हातानं वाजवतो. मास्तर म्हणतात, शक्यच नाही, दोन हात लागतात. मास्तर म्हणजे यांचे मित्र, शाळेत भूमिती शिकवतात, तेही याच बँडचे वेडे. आता खरं काय ते बघायचं कसं? बँडवाले कॅमेरा आत येऊ देत नाहीत, आणि म्हातारा तीन-तीन कीबोर्डांच्या आड बसतो. त्याचे हात दिसतात ते फक्त स्टेजच्या डाव्या कोपऱ्यातून. तिथे जेमतेम आठ माणसं मावतात. तीस वर्षं या एका गोष्टीवरून दोघं हमरीतुमरीवर येतात, आणि त्यातली सव्वीस वर्षं माझ्या घरी, माझा चहा पिऊन.

अकरा वर्षांपूर्वी बँड आला होता तेव्हा हे पहाटेपासून रांगेत उभे होते. पण लोकांनी काय केलं, एकानं थांबायचं आणि पाच दोस्तांच्या पिशव्या रांगेत मांडायच्या. दार उघडायच्या वेळी ते पाचही जण झोपून, आंघोळ करून, ताजेतवाने हजर! हे ढकलले जात जात मागे गेले आणि अख्खा कार्यक्रम एका खांबाकडे बघत ऐकला. उंची बेताची, करणार काय. घरी आल्यावर आठवडाभर घुम्यासारखे बसून होते. मग कागद घेतला आणि रांगेचे नियम लिहून काढले. यादी करायची, प्रत्येकाच्या हातावर मार्करनं नंबर टाकायचा, दर तासाला हजेरी घ्यायची. हजेरीला जो नसेल त्याचं नाव कापायचं, त्यानं परत यायचं ते शेवटून. दुसऱ्याच्या वतीनं 'हजर' म्हणायचं नाही, नंबर अदलाबदल करायचा नाही, कोणतंही कारण चालणार नाही. शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा मारल्या होत्या, मी स्वतः पाहिल्यात.

या वर्षी बँडनं जाहीर केलं, हा शेवटचा दौरा. म्हणजे तो डावा हात बघायची शेवटची संधी. कार्यक्रम रविवारी दुपारी चारला, कारण वाजवणारे सगळे सत्तरीच्या पुढचे, त्यांनाही वेळेवर झोपायचं असेल. यांचा गुडघा धरतो म्हणून मुलीनं मला सोबत धाडलं. सकाळी सहाला आम्ही हॉलसमोर. मास्तर सहावे, हे सातवे, मी आठवी. रांगेनं यांचेच नियम मान्य केले, आणि यादी-हजेरीचं काम मास्तरांकडे आलं. डावा कोपरा पक्का. यांचा चेहरा असा खुलला होता की मी मनातल्या मनात माझ्या बुडालेल्या रविवारावर पाणी सोडलं.

काय एकेक नग जमले होते! विटलेले काळे शर्ट, पिकलेल्या शेंड्या, घडीच्या खुर्च्या. एकानं गुणगुणायला घेतलं की दुसरा त्याची मात्रा सुधारणार, आणि तिसरा त्या दोघांना वेड्यात काढणार. भांडण कशावरून? सदतीस वर्षांपूर्वीच्या एका कार्यक्रमात बासरी आधी वाजली की नंतर! मी दवाखान्यात नंबर पुकारायचं काम करते. दिवसभर रांगाच बघते, पण रांगेत उभं राहून एवढी खूश झालेली माणसं मी आजवर पाहिली नव्हती.

पावणेअकराला समोरच्या इमारतीचा राखणदार धावत आला. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली, आत एक म्हातारं जोडपं, म्हातारीचा श्वास कोंडतोय, आणि कंपनीचा माणूस तासाभरानं येणार. रांगेत ओरडून विचारत होता, कुणाला काही समजतं का यातलं. यांनी माझ्याकडे बघितलं, मग मास्तरांच्या हातातल्या यादीकडे बघितलं.

"जाऊन येतो," म्हणाले, आणि गेलेसुद्धा.

अकराला मास्तरांनी हजेरी सुरू केली. सात नंबर पुकारला. मी म्हटलं, "हजर. समोर गेलेत, तुम्ही बघितलंत ना?"

"वहिनी, दुसऱ्यानं हजर म्हणायचं नाही."

"अहो मास्तर, माणसं अडकलीत तिथे!"

"मला कळतंय हो. पण सकाळी एकाची आई आजारी पडली म्हणून तो घरी गेला, त्याचंही नाव मी यादीतून कापलं. आता यांना सोडलं तर त्याला काय तोंड दाखवू?" असं म्हणून त्यांनी सातव्या नावावर रेघ ओढली. आधी पेनचं टोपण दोनदा काढलं-लावलं, ते मी बघितलं. पण शेवटी ओढलीच ना!

हे वीस मिनिटांनी परत आले. कोपरापर्यंत ग्रीस, शर्ट घामानं चिंब. म्हाताऱ्यांना सुखरूप बाहेर काढलं होतं. मी सगळं सांगितलं तर म्हणतात कसे, "मास्तर बरोबर आहेत. नियम माझाच आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आमच्या दवाखान्यात कुणाला चक्कर आली तर त्याला उचलून आत घेतात! आणि कुणी दुसऱ्याला वाचवायला गेला म्हणून त्याचा नंबर जात नाही! तुमच्यातल्या एकाला तरी लाज आहे की नाही?" रांगेतले सगळे बुटांकडे बघायला लागले. एकही उठून म्हणाला नाही, येऊ दे रे त्याला. मी म्हटलं, माझा आठवा नंबर घ्या. तर हेच म्हणाले, अदलाबदल चालत नाही. म्हटलं, मग मीही येते मागे तुमच्याबरोबर.

"नको," ते पटकन म्हणाले. "अगं, तू कोपऱ्यात जा. तू बघ आणि मला सांग. मास्तर काहीही बघितलं तरी दोन हातच म्हणणार, आणि आमच्या बाजूचे एकच म्हणणार. मी तुझ्या एकटीच्या शब्दावर जाईन. तू मला बरं वाटावं म्हणून कधी काही बोलली नाहीस."

त्यांचा नवा नंबर दोनशे चौदा. तिथून दर तासाच्या मधल्या वेळात लंगडत यायचे, माझ्या कानात इयरफोन कोंबायचे आणि तो तुकडा ऐकवायचे. "हं, ड्रम थांबले. ही एक घंटा. ही दुसरी. आता बघायचं, फक्त डावा हात." असं सहा वेळा! मी म्हटलं, दवाखान्यात डॉक्टरसुद्धा औषध एकदाच समजावतात. हसले, आणि पुढच्या हजेरीसाठी गुडघा धरून परत पळत गेले. राग कुणावर काढावा तेच मला कळेना, मास्तरांवर, त्या राखणदारावर, की या माणसाच्या दोन रेघांवर.

तीनला दार उघडलं. मी कोपऱ्यात, मास्तरांच्या शेजारी. त्यांच्याशी एक शब्दही बोलले नाही. चारला दिवे मालवले आणि म्हातारा आला, दोरीला बांधलेला चष्मा गळ्यात. त्याचे दोन्ही हात मला इतके स्वच्छ दिसत होते की नखंसुद्धा मोजली असती. दीड तास पाय दुखले, कान बधिर झाले, पण मी नजर हलवली नाही. मग ते गाणं सुरू झालं. माझ्याही नकळत माझी बोटं मांडीवर तेरा मोजत होती, खोटं कशाला सांगू.

ड्रम थांबले. सातशे माणसांच्या त्या हॉलमध्ये टाचणी पडली तर ऐकू आली असती. एक घंटा. दुसरी घंटा.

कार्यक्रम संपून बाहेर आलो तेव्हा ऊन होतं अजून. हे फाटकाशी थांबले होते. मास्तर माझ्या आधी त्यांच्यापर्यंत पोचले आणि म्हणाले, "दोन हात. माझ्या डोळ्यांनी बघितलं." मागून दोघं ओरडले, "खोटं! एकच हात होता!" पुन्हा सगळ्यांची जुंपली. यांनी कुणाकडेच लक्ष दिलं नाही. फक्त माझ्याकडे बघत होते.

"तू सांग," ते म्हणाले. "तू बघितलंस ना?"

एक हात, एवढंच म्हणायचं होतं मला. तीस वर्षांचं भांडण तिथेच संपलं असतं आणि हा माणूस जिंकला असता. मास्तरांचं नाकही कापलं गेलं असतं, त्याची तर मला फार हौस होती. पण यांच्या हातावरचं ग्रीस अजून निघालं नव्हतं. मला खोटं बोलवेना.

"नाही बघितलं," मी म्हटलं. "दुसरी घंटा झाली आणि माझ्या मनात आलं, यांना तिथून काही दिसत असेल का? म्हणून मागे वळले. तुम्हांला शोधत होते. परत वळले तोवर टाळ्या पडत होत्या."

हे एक पाऊल पुढे आले.

"दिसलो का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.