अण्णांनी लपवलेला अर्ज

"वकीलसाहेब, फकस्त तारीख घ्या. दुसरं काय बी नको," बबनअण्णा कोर्टाच्या जिन्यात मला विनवत होते.

अण्णा माझ्याच गावचे, चिखलीचे. धाकट्या भावाची चाकणला पत्र्याचे प्रेस पार्ट बनवणारी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. त्यांच्या घरात कागद कुठलाही असो, सही थोरल्याची. स्टील सप्लायरच्या उधारीला अण्णा पर्सनल गॅरंटर झाले. म्हणजे कंपनीनं पैसे नाही दिले, तर अण्णांनी द्यायचे. कंपनी बसली. सप्लायरनं दोघांवर दावा लावला आणि निकालाआधीच अण्णांच्या राहत्या घरावर जप्ती मागितली. त्यावर आज ऑर्डर होणार होती.

"अण्णा, चार तारखा खाल्ल्या. आज मिळणार नाही. दारावर जप्तीची नोटीस लागेल!"

अण्णा पायरीवरच बसले. "माझ्या नावचा दिवाळखोरीचा अर्ज टाकलाय मुंबईला, ट्रिब्युनलात. म्हैना झाला. भावाच्या सीएनं केलं समदं."

"आणि मला सांगितलं नाही?"

"कसं सांगू? तुझा बाप आन मी एका तालमीतले. दिवाळखोर म्हनून तुला तोंड दावू व्हय?"

महिनाभर मी साप साप म्हणून भुई धोपटत होतो. असा संताप आला! पण त्याहून जास्त जिवात जीव आला. कारण गॅरंटरनं असा अर्ज दाखल केला, की त्याच्या देण्यांबाबतचे चालू दावे कायद्यानंच थांबतात. याला मोरेटोरियम म्हणतात. मात्र दाव्याच्या कोर्टाला ते आपोआप कळत नाही. कुणीतरी कागद दाखवावा लागतो.

कागद अण्णांच्या व्हॉट्सॲपवर होता. खालच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढली आणि धापा टाकत कोर्टात दिली.

"हा वेळकाढूपणा आहे," समोरचे वकील म्हणाले.

जजसाहेबांनी फायलिंगची तारीख पाहिली. "महिनाभर काय करत होतात?"

"पक्षकार लाजत होते, साहेब."

ते किंचित हसले. अण्णांविरुद्धचा दावा आणि जप्तीचा अर्ज, दोन्हींना स्थगिती मिळाली. कंपनीविरुद्धचा दावा चालूच राहिला.

"मंजी सुटलो?" बाहेर आल्यावर अण्णांनी विचारलं.

"सुटला नाहीत. ट्रिब्युनलचा निर्णय होईपर्यंत थांबलंय."

"थांबलं तरी लई झालं, बाबा," म्हणत त्यांनी डोळे पुसले.

पुढे ट्रिब्युनलमध्ये हप्ते ठरले, सप्लायरनंही ते मान्य केले. घर अण्णांचंच राहिलं.

हल्ली नवा पक्षकार आला, की मी आधी म्हणतो, "जो कागद दाखवायची लाज वाटते, तो पहिला काढा. बाकीची फाइल नंतर वाचू."