आधी ‘शुअर’, मग उठायचं

स्पोकन इंग्लिशचा क्लास काढला की किस्से आपोआप साचतात. आमच्या उस्मानपुऱ्यातल्या क्लासचे तर एवढे साचलेत, की हसता हसता रडू येतं. इंग्रजी बदलेल एकवेळ, माणसं बदलत नाहीत!

*

पहिला धडा विनंतीचा. कुणी ‘कुड यू’ म्हणालं, की आधी ‘शुअर’, मग काम. समजावून झालं आणि मी विचारलं, “कुड यू ओपन द विंडो?”

अख्खा बाक मुकाट उठला. होत्या नव्हत्या तेवढ्या खिडक्या उघडल्या.

“अरे, उत्तर कुठंय?”

“उघडली की सर,” शिंदेकाका म्हणाले. “आता आणखी काय बोलायचं?”

*

हे शिंदेकाका गंगापूरचे. घरी शेती, इथं कंपनीत सुपरवायझर. त्यांना ‘शुअर’ जमलं एकदाचं. मॅनेजर मागेल त्याला ‘शुअर सर’! काम मात्र होईना. शेवटी मॅनेजरनं मलाच फोनवर झापलं.

“काका, जमणार नसेल तर नाही म्हणा ना.”

“तोंडावर नाय म्हणायचं? आपल्यात ‘बघतो’ म्हणतात. ते तुम्ही शिकवलंच नाय.”

*

सवय म्हणून घरी बायकोला म्हणालो, “प्लीज, जरा चहा करशील का?”

ती धावतच आली. कपाळाला हात लावून बघितला. “ताप तर नाय ना?”

*

सविता बिडकीनची. मेंढ्या राखणाऱ्या घरातली पहिली पदवीधर. नोकरी लागली नाही, तर आईबरोबर कापूस वेचायला जायचं, हे ठरलेलं. तिचा ऑनलाइन इंटरव्ह्यू क्लासमध्येच होता. पलीकडच्या मॅडम म्हणाल्या, “कुड यू स्विच ऑन अ लाइट?”

सविता मुकाट उठली. ट्यूब पेटेना, म्हणून शेजारच्या दुकानातून बल्ब आणायला पळाली. परत आली तोवर कॉल संपला होता. ‘उमेदवार उठून गेली,’ असा मेल आला. ती रडली नाही. मला मात्र जेवण गेलं नाही.

*

दुसऱ्या कंपनीच्या इंटरव्ह्यूआधी आठवडाभर तिच्याकडून एवढंच घोटून घेतलं: आधी ‘शुअर’, मग उठायचं. सकाळी बसली. छान बोलली. मग साहेब म्हणाले, “कुड यू गिव्ह अस अ मिनिट?”

“शुअर,” सविता म्हणाली. अगदी स्वच्छ. दाराआड मी मूठ आवळली.

साहेबांनी कॅमेरा बंद केला.

दुपारची बॅच आली, गेली. संध्याकाळी मी कुलूप घेऊन उभा राहिलो. ती तशीच ताठ बसलेली, चेहऱ्यावर तेच हसू.

“सविता, घरी जा आता. गाडी चुकेल.”

“हळू बोला सर,” ती स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली. “मी त्यांना शुअर म्हणलेय.”