उंटाच्या मापाची काठी

व्यासपीठावरील मान्यवर, समोर बसलेल्या माता-भगिनी आणि मागं उभं राहून शेंगा सोलणारी मंडळी — कृपया शांतता राखावी. परळीच्या सार्वजनिक जीवनातली एक अत्यंत गंभीर बाब आज प्रथमच जाहीर होत आहे. बाब माझ्या हनुवटीची आहे.

हसलात ना? मला माहीत होतं. पंचवीस वर्षं मी हेच करत आलोय. माइक हातात घ्यायचा, आवाज जड करायचा आणि तिसऱ्या वाक्याला हशा काढायचा. लग्न असो, सत्कार असो, शाळेचं गॅदरिंग असो, सूत्रसंचालनाला दिलीपच लागतो. पण आता हशा ऐकला की माझं डोकं फिरतं. तुमच्यावर नाही हो. जी गोष्ट सांगायला बसलोय ती मी एका हशासाठी केली, आणि ती आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोलाही नाही.

म्हणजे — किस्सा सांगितलाय. तो तर किती वेळा सांगितला याची गणतीच नाही. मुनीर पेंटर, शेळी आणि उंट. तुमच्यापैकी काहींनी धारूरच्या एखाद्या लग्नात ऐकलाही असेल, पोट धरून हसलाही असाल. तो किस्सा खोटा आहे. खरं काय घडलं ते — थांबा, जरा दमानं घेऊ द्या. पंचवीस वर्षं माइकवर बोलणाऱ्या माणसाच्या घशात चार वाक्यं अडकतात, हे माझं मलाच नवीन आहे.

मुनीर माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याचे अब्बा दुकानांच्या पाट्या रंगवायचे, मग मुनीरही तेच करायला लागला. ट्रकच्या मागचे मोर, सलूनच्या काचेवरचे हिरो, रसवंतीवरचे बैल — जुन्या परळीत जे जे रंगवलेलं होतं त्यातलं निम्मं या बापलेकांच्या हातचं. बारा-तेरा वर्षांचे असताना आम्ही व्हिडिओवर एक इंग्रजी सिनेमा बघितला होता. एकाच चौकटीत खरी माणसं आणि चितारलेली जनावरं, एकमेकांशी बोलणारी, भांडणारी. भाषेतलं एक अक्षर कळलं नाही. मी घरी आल्यावर त्यातल्या हिरोची नक्कल करून गल्ली जमवली. मुनीरनं दोन दिवस त्यावर डोकं चालवलं. मग म्हणाला, ‘‘दिल्या, ते जनावर तर मागाहून काढलेलं असणार. मग तो मानूस बघायलता कुठं?’’

त्या प्रश्नाचं उत्तर त्यानं तीस वर्षांनी स्वतः शोधलं. फ्लेक्स आल्यावर पाट्यांचं काम बंद पडलं, तेव्हा हा पठ्ठ्या चाळिशीत कॉम्प्युटर शिकला आणि चित्रं हलवायला लागला. सात-आठ वर्षांपूर्वी त्यानं एक सिनेमा करायचं ठरवलं. नऊ मिनिटांचा. एक माणूस विजेच्या कारखान्याकडच्या शिवारातून आपल्या शेळीला पाला आणतो. पाल्यावर कारखान्याची राख बसलेली. शेळी तोंड फिरवते आणि माणसाशी भांडायला लागते. माणूस खरा, म्हणजे मी. शेळी चितारलेली, म्हणजे मुनीर. आवाजही त्यानंच दिला होता.

हौस म्हणून केलेला नव्हता हो तो. आमच्याकडच्या एका शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, मोठे जमीनदार, राजकारणातले. अण्णांनी शब्द दिला होता की नमुना आवडला तर संस्थेच्या सगळ्या शाळांसाठी असेच धडे मुनीरकडून करून घेऊ. एक खोली, एक चांगला कॉम्प्युटर, महिन्याचा पगार. मुनीर मला एवढंच म्हणाला होता, ‘‘हे जमलं ना दिल्या, तर मी परत पेंटर.’’

आता कामाची रीत ऐका, कारण माझा गुन्हा त्या रीतीतच आहे. शूटिंगच्या वेळी शेळी नसते. तिथं रिकामी जागा असते. त्या रिकाम्या जागेकडं शेळी असल्यासारखं बघायचं, हे खऱ्या माणसाचं काम. नजर चुकली की सगळं फसलं. म्हणून मुनीरनं एका काठीच्या टोकाला लाल चेंडू बसवला होता. काठी जमिनीवर उभी केली की चेंडू बरोबर शेळीच्या डोळ्यांच्या उंचीला, माझ्या गुडघ्याच्या जरा वर. प्रत्येक शॉट दोनदा. पहिल्यांदा काठी ठेवून, म्हणजे मला जागा पाठ व्हावी. दुसऱ्यांदा काठी काढून, आणि सिनेमात तोच घ्यायचा.

काठी असताना मी बघायचो. इमानदारीत, चेंडूकडं.

काठी निघाली की —

सांगतो. त्याच्या महिनाभर आधी कुणाच्या तरी लग्नात माझा फोटो निघाला होता, मान खाली घालून कागद वाचताना. चहाच्या टपरीवर तो मोबाइल या हातातून त्या हातात फिरला आणि एक जण म्हणाला, ‘‘दिलीपरावांना हनुवट्या दोन हायत का तीन?’’ मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो. घरी येऊन आरशापुढं उभा राहिलो. मान खाली केली की दोन. जरा जास्त केली की तीन. मान ताठ ठेवून समोर बघितलं की एकच, आणि ती बरी दिसायची.

शेळीकडं बघायचं म्हणजे मान खाली.

कळलं? काठी निघाली की मी मान वर करायचो. दोन-चार बोटं नाही, चांगली वर. चुकून नाही, विसरून नाही, ठरवून. मुनीर कॅमेऱ्यामागून सांगायचा, ‘‘खाली बघ बे. शेळी हाय ती, तुझा सासरा न्हाई.’’ मी म्हणायचो, बघतोय की. शूटिंग मोबाइलवरच, त्याची ती बोटभर पट्टी, वरून ऊन, त्याला नीट दिसायचंही नाही. आणि तो माझ्यावर विश्वास ठेवायचा. त्या माणसाची तीस वर्षांची हौस आणि पोटाचा प्रश्न एका बाजूला, माझ्या गळ्याखालची चरबी दुसऱ्या बाजूला — आणि मी काय निवडलं? असल्या माणसाला आपण ‘कलाकार’ म्हणतो. हार घालतो.

घरी जाऊन मोठ्या पडद्यावर बघितल्यावर मुनीरला कळलं. फोन केला का? शिव्या दिल्या का? नाही. परत शूटिंग करता आलं नसतं, शिवारातलं पीक तोवर निघालं होतं. मग तो शेळीलाच माझ्या नजरेत आणायला लागला. एका ठिकाणी त्यानं एक दगड चितारला आणि शेळीला त्यावर चढवलं. एका ठिकाणी ती मागच्या दोन पायांवर उभी राहते. एका ठिकाणी मान अशी ताणते की बघणाऱ्याचीच मान दुखावी. सेकंदाला बारा चित्रं, आणि आधीची सगळी पुसून नव्यानं. तीन महिने जास्तीचे गेले. मी मध्ये एकदा त्याच्याकडं गेलो तेव्हा तो पडद्याला नाक लावून बसलेला, डोळे तांबडे. मी विचारलं, काय चाललंय? म्हणाला, ‘‘हिला जरा उंच करायलोय.’’ माझ्याकडं बघितलंही नाही. मला कळलं होतं. मी चहा पिऊन निघून आलो.

पण एक शॉट त्याला सुधारता आला नाही. शेवटचा. त्यात शेळी खाली बसलेली असणं भाग होतं, कारण ती आजारी पडलेली आहे. ती बसल्या जागेवरून म्हणते, ‘‘माज्याकडं बघ आन् सांग, तू खाशील का हा पाला?’’ आणि मी — मी कुठंतरी लांब बघत, छाती काढून, एकाच हनुवटीनं म्हणतो, ‘‘न्हाई.’’

संस्थेच्या घाटावरच्या हॉलमध्ये दुपारी दाखवला. अण्णा पुढच्या खुर्चीत, मागं पाच-सहा मुख्याध्यापक, काही शिक्षक. पहिली आठ मिनिटं काय झक्कास गेली. शेळी दगडावर चढली तेव्हा अण्णा मांडीवर थाप मारून हसले. मुनीर पडद्याच्या कडेला उभा होता, स्वच्छ पांढरा शर्ट घालून. मी त्याला शाळेपासून ओळखतो. त्याच्या खांद्यावरून मला कळत होतं की त्याला आता खोली दिसायला लागलीय, कॉम्प्युटर दिसायला लागलाय.

मग तो शेवटचा शॉट आला. शेळी म्हणाली, माज्याकडं बघ. मी आभाळाकडं बघितलं. आणि हॉल हशानं फुटला. ज्या जागी माणसांचे गळे दाटायचे तिथं मुख्याध्यापक खिदळत होते.

दिवे लागले. अण्णांचा चेहरा बदलला होता. म्हणाले, ‘‘काय दिलीपराव, शेळी खाली बसलीय आन् तुमी कुठं बघायलाव? ही गडबड कुणाची?’’

सरळ प्रश्न होता. सरळ उत्तर होतं, दोन शब्दांचं. ‘माझी, अण्णा.’ म्हणायला किती वेळ लागतो? मी रोज माइकवर हजारो शब्द फेकतो. दोन नाही निघाले. वीस माणसं माझ्याकडं बघत होती, आणि वीस माणसं बघायला लागली की माझं एक होतं — मला त्यांना हसवायचं असतं.

मी उभा राहिलो, हात जोडले आणि म्हणालो, ‘‘अण्णा, आपण तर हुकमाचे ताबेदार. काठी जिथं, नजर तिथं. आता मुनीरभाईनं काठीच उंटाच्या मापाची धरली, त्याला मी काय करू?’’

काय हशा पिकला म्हणता. खुर्च्या हलल्या. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मला — हे सांगताना जीभ हासडावीशी वाटते — मला बरं वाटलं. आत गार वाटलं. टायमिंग बरोबर बसलं, असं मनात आलं.

काठीवाले सगळे शॉट मुनीरच्या कॉम्प्युटरमध्ये होते. दोन बटणं दाबून तो दाखवू शकला असता — ही बघा काठी, हा चेंडू, हा याचा गुडघा. त्यानं नाही दाखवले. कावून? मी सात-आठ वर्षं हेच विचारतोय, आणि कितीदा तर त्याच्यावरच चिडलोय, त्यानं मला त्या हॉलमध्ये उघडं का पाडलं नाही म्हणून. बघा कसा माणूस आहे मी. स्वतः खोटं बोलायचं आणि पकडलं नाही म्हणून दुसऱ्यावर रागवायचं.

अण्णा म्हणाले, बघू, कळवू. कळवलं नाही. पुढं धडे पुण्याच्या कुणाकडून तरी करून आणले. परत येताना मी मुनीरच्या मोटारसायकलवर मागं बसलो होतो. घाट उतरून खाली आल्यावर तो म्हणाला, ‘‘पेट्रोल भरून घेऊ का?’’ बस. एवढंच.

इथंच थांबलो असतो तरी एक वेळ… नाही, तरीही काही नाही. पण मी थांबलो कुठं? मला नवा किस्सा सापडला होता. पुढच्याच आठवड्यात एका हळदीत सांगितला, हशा आला. मग रंगवत गेलो. काठी वाढत गेली, उंटाला नाव पडलं, मुनीरच्या बोलण्याची नक्कल आली. वर्षभरात गावात त्याला ‘उंट पेंटर’ म्हणायला लागले. एक जण पाटीचं काम द्यायला आला आणि त्याच्या तोंडावर म्हणाला, ‘‘अक्षरं उंटाच्या मापाची नको काढू बरं का.’’ ते ऐकायला मी तिथंच होतो. हसलो.

आता त्याचं टिपरवर रेडियमचे स्टिकर लावायचं दुकान आहे. तयार अक्षरं मशीनवर कापायची आणि चिकटवायची. चितारायचं काम त्यानं सोडलं. माझ्या गाडीची नंबरप्लेटही त्यानंच करून दिली, एकदम रेषेत. भेटला की हात वर करतो. मीही करतो. या हाताचा मला मनस्वी संताप येतो.

तो किस्सा सांगताना मी दर वेळी एक भाग गाळतो. माझ्या उंटावर हॉल हसून झाल्यावर अण्णा म्हणाले होते, तो शेवटचा शॉट परत दाखवा, परत हसू. मुनीरनं परत लावला. आजारी शेळी खाली बसलेली, मान वर करून. मी उभा, आभाळाकडं तोंड. तेव्हा संस्थेत चहापाणी बघणाऱ्या मावशी रिकामे कप गोळा करत होत्या. त्या ट्रे घेऊन पडद्यापुढं थांबल्या. कुणी त्यांना विचारलं नव्हतं, आणि त्या कुणाला उद्देशून बोललेल्याही नाहीत. पण सगळ्या हॉलला ऐकू गेलं, मुनीरलाही, आणि मला तर फार स्पष्ट.

‘‘शेळी बिचारी कवाधरनं ह्याच्या तोंडाकडं बघायलीय. ह्यो मानूसच तिच्याकडं बघंना.’’