झोलनरबाईंचा कागद

फ्रीडरिके झोलनर मार्चमधल्या एका बुधवारी सकाळी गेल्या. चर्चच्या मनोऱ्यावरून ट्रॉम्बोन वाजले. मंडळीत कुमारिका, नवरे, विधवा अशा प्रत्येक गटाच्या मरणाची चाल वेगळी असते; ही चाल विधवांची होती. एबेनथालमध्ये तेव्हा तीनच विधवा उरल्या होत्या आणि त्यातल्या दोघी दुधाचे कॅन घेऊन रस्त्यावर उभ्या होत्या. कोण गेलं, हे कुणाला विचारावं लागलं नाही.

हेडविग लोरेन्झ शाळेत फळा पुसत होती. तिने फडकं खाली ठेवलं. पुन्हा उचललं. ती तेवीस वर्षांची होती, मॅडिसनहून साहित्याची पदवी घेऊन आलेली. गावात तिला एकच मैत्रीण होती, आणि ती पंचाहत्तर वर्षांची होती.

दुपारी हाउक शाळेत आले. ते चर्चच्या मंडळीचे एक पंच, शिवाय दरवर्षीच्या शहीद दिनाच्या मिरवणुकीचे कर्तेधर्ते.

"वीरपत्नी गेली आपली," ते म्हणाले. "कागद तुझ्याकडेच आहे ना, पोरी?"

"आहे, हाउककाका."

"पाद्रीबाबांकडे देऊन टाक. ते भाषा जरा बघतील."

"भाषा ठीक आहे."

"असेल गं. पण चर्चमध्ये वाचायचाय. एक नजर टाकतील, एवढंच."

एबेनथालमध्ये जो तो आपलं आयुष्य आपल्या हाताने लिहून ठेवतो. माणूस गेला की शवपेटीसमोर ते वाचतात आणि मग चर्चच्या कपाटात ठेवतात. झोलनरबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू होते, म्हणून हेडविगने लिहून घेतलं होतं. सगळा हिवाळा, चामड्याच्या वासात बसून.

"लिही," बाई म्हणाल्या होत्या. "माझा नवरा गोटलीब लढाईला गेला आणि लढाई बघायच्या आधीच हगवणीने मेला. छावणीत हिरवी सफरचंदं खाल्ली होती, टोपीभर."

"काकू, हे चर्चमध्ये वाचणार आहेत."

"मग? चर्चमधल्यांना पोटं नाहीत?"

हेडविगने लिहिलं, 'दूरदेशी व्याधीने त्यांची प्राणज्योत मालवली.' बाईंनी वाचून दाखवायला लावलं. तोंडात धरलेले बुटाचे खिळे त्यांनी तळहातावर काढले.

"हा कोण मेला? मी नाही ओळखत याला. खोड ते. नक्षी काढली म्हणून गळका बूट गळायचा थांबतो का?"

हेडविगने खोडलं. विद्यापीठात चार वर्षांत तिला हे कुणी सांगितलं नव्हतं.

गोटलीब चांभार होता. अठराशे बासष्टच्या उन्हाळ्यात, अमेरिकेतल्या यादवी युद्धात, तो सैन्यात गेला आणि तीन महिन्यांत संपला. शेजारच्या इंग्रजी गावातले लोक तेव्हा म्हणायचे, जर्मन माणूस बिअरच्या पिंपामागे लपतो. जर्मनांच्या एबेनथालला एक हुतात्मा हवा होता, आणि मेलेला माणूस तेवढा एकच होता. कप्तानाचं पत्र इंग्रजीत होतं. ते या हाउकांच्या वडिलांनी चर्चमध्ये जर्मनमध्ये वाचून दाखवलं. वाचता वाचता हगवणीची गोळी झाली आणि ती छातीत लागली. खरं काय ते फ्रीडरिकेला दोन वर्षांनी कळलं. गोटलीबच्या तुकडीतला वेंडल परत आला आणि मागच्या दाराने येऊन सांगून गेला. पुढच्या दाराने तो कधीच बोलला नाही. मिरवणुकीत तो तिच्याच गाडीत बसायचा.

तिने नवऱ्याची चांभारकामाची हत्यारं उचलली आणि बूट शिवायला बसली. अठ्ठेचाळीस वर्षं बसली. गावातला एकेक पाय तिला पाठ होता. हाउकांच्या डाव्या अंगठ्याचं कुरूप, पाद्रीबाबांचे आत वळलेले घोटे. पाद्रीबाबांना उंच टाच लागायची, पण ती बाहेरून दिसता कामा नये.

एकदाच तिला संसार मांडायची इच्छा झाली. शेजारच्या गावचा कास्पार नावाचा खोगीर करणारा होता, विधुर. त्याने विचारलं आणि ती हो म्हणाली. मंडळीचे पंच तिच्या घरी आले. वीराच्या विधवेने दुसरं लग्न केलं तर गावाने शेजाऱ्यांना तोंड कसं दाखवायचं, असा प्रश्न त्यांनी तिला केला. कास्पार दोन वर्षं थांबला आणि मग दुसरीकडे गेला.

"हेही लिही," बाई म्हणाल्या होत्या. "सफरचंदांनी माझा नवरा नेला. दुसरा यांनी नेला. सफरचंदांचा मला राग नाही."

हेडविगने कागद पाद्रीबाबांना दिला. एकच प्रत होती. ती का दिली, हे तिला नंतर स्वतःलाही सांगता आलं नाही.

शनिवारी चर्च भरलं होतं. पेटीवर पांढरी फीत होती. पाद्रीबाबा उभे राहिले, न दिसणाऱ्या टाचांवर, आणि वाचू लागले.

"मी, फ्रीडरिके, एका वीराची पत्नी. माझ्या गोटलीबने छातीवर गोळी झेलली. त्या दिवसापासून मी अश्रूंत दिवस काढले. हातांना विरंगुळा म्हणून थोडं शिवणकाम केलं."

अठ्ठेचाळीस वर्षांचं थोडं शिवणकाम बाकांखाली ओळीने बसलं होतं, पॉलिश करून. कास्पारचं नाव आलं नाही. हाउकबाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. हेडविग पेटीकडे बघत राहिली. बाईंना बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांच्या तोंडात हे सगळं कोंबता येत होतं. तिला उठायचं होतं. ती उठली नाही.

दफनानंतर सभागृहात कॉफी आणि गोड पाव होते. दफनाला रडलेले लोक पावाला आधी पोचले.

"किती सुंदर लिहिलंयस गं," हाउकबाई हेडविगला म्हणाल्या. "शिकलेल्या मुलीचा हात लगेच कळतो."

हेडविगने कप खाली ठेवला.

"ते मी लिहिलेलं नाही," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण सभागृह लहान होतं. "काकूंनी सांगितलेलंही नाही. त्यांचं मला पाठ आहे."

आणि तिने म्हणून दाखवलं. अगदी तसंच, बाईंच्या वाक्यांत. टोपी, सफरचंदं, हगवण. चर्चमध्ये वाचलेलं पत्र. कास्पार. हाउकांचं कुरूपही तिने गाळलं नाही. बाकांखाली पाय मागे सरकले.

"शिकवून आणलं की असं होतं," हाउक म्हणाले. "वय झालं होतं बाईंचं. भ्रमिष्ट माणूस काहीही सांगतं. सफरचंदं म्हणे."

"सफरचंदं नव्हती," कोपऱ्यातून आवाज आला.

वेंडल होता. बहात्तर वर्षांचा. ट्रॉम्बोन मांडीवर, दाढीत पावाचे कण.

"बघा," हाउक म्हणाले. "प्रत्यक्ष बघितलेला माणूस सांगतोय."

"नाशपाती होत्या," वेंडल म्हणाला. "हिरव्या. मीच झाड हलवलं होतं. मी दोन खाल्ल्या, त्याने टोपीभर."

वेंडलने दाढी झटकली.

"आणि तुम्ही गाडीत बसायचात, आजोबा," हेडविग म्हणाली. "दरवर्षी."

"गाडी चांगली होती. माझे गुडघे दुखतात."

मग हाउकबाई म्हणाल्या, "अजून कुणाला कॉफी?" बऱ्याच जणांना हवी होती.

रविवारी हेडविगने कागद पुन्हा लिहून काढला. सफरचंदांपाशी तिचा हात थांबला. खरं ते आता तिला माहीत होतं. पण बाईंचे शब्द गावाने एकदा बदलले होते, तेवढं पुरे झालं. तिने सफरचंदं तशीच ठेवली आणि खाली वेगळ्या ओळीत लिहिलं, 'नाशपाती, असं वेंडल म्हणतात.' वेंडलने कुरकुरत सही केली.

पाद्रीबाबांनी कागद दोन बोटांत धरला.

"एका माणसाचा एकच कागद असतो, हेडविग."

"हाच तो एक आहे."

"सफरचंदं की नाशपाती, हे तुमचंच ठरत नाही," ते म्हणाले. "आणि कशासाठी एवढं?"

"तुम्ही वाचलंत तशा त्या रडत मेल्या असत्या तर गोष्ट वेगळी होती. त्या बूट शिवत मेल्या."

त्यांनी कपाट उघडलं आणि तो कागद पहिल्या कागदाखाली सरकवला. कुलूप लावलं. किल्ली हाउकांकडे परत गेली; ती त्यांच्याकडेच असते.

मे महिन्यात मिरवणूक निघाली. गाडीत बाईंच्या जागी एक पुष्पचक्र ठेवलं होतं. त्याच्या शेजारी वेंडल बसला होता, बाईंनी शिवलेले बूट घालून.