हळदीकुंकू आणि बाहेरचा चहा

गावोगाव फिरलं की किस्से जमवावे लागत नाहीत, नको म्हटलं तरी पदरात पडतात. मी रिटायर्ड शिक्षिका. सोबत आमच्या सिस्टर, म्हणजे सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स. महाड-पोलादपूरच्या गावांत आम्ही दोघी कॅन्सरची माहिती सांगत फिरतो, घरात पेशंट असेल तर जाऊन बसतो. महाडला परतलं की मैत्रिणी विचारतात, "आज काय झालं?" मी रंगवून सांगते, सगळ्या हसतात. भागीरथीकाकूंचा किस्सा मात्र मी नेहमी अर्धाच सांगायचे. काकूंच्या छातीत गाठ होती. त्या वर्षभर आमच्यासाठी चहा करत होत्या आणि आम्हाला पत्ता नव्हता. आज पुरता सांगते.

*

सुरुवातीला आम्ही मोठा बॅनर करून घेतला. 'कॅन्सर' हा शब्द लालभडक अक्षरांत! पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका गावात तो देवळासमोर बांधला आणि खुर्च्या मांडून दोन तास बसलो. चिटपाखरू नाही. शेवटी एक आजोबा आले. मी उत्साहाने उठले.

"बाई, आमच्या गावात तो कोनाला नाय," आजोबा म्हणाले. "पुढल्या गावाला बगा. तिकडं आसंल."

आणि जाताना बॅनर सोडायला मदतही केली!

*

मग मला युक्ती सुचली. माझीच, दुसऱ्या कोणाची नाही. त्याच गावात हळदीकुंकू ठेवलं, वाण म्हणून साबणाची डबी. समाजमंदिर भरून बायका दारापर्यंत! "बघा, डोकं लागतं," मी सिस्टरांना म्हणाले.

"बघा हं बाई," त्या एवढंच म्हणाल्या. सिस्टर स्वतः विधवा. कुंकवाचं ताट मी फिरवत होते, त्या कोपऱ्यात टेबलापाशी उभ्या होत्या. माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही.

बाहेर चुलीवर एक काकू चहा करत होत्या. कपाळ मोकळं, पदर घट्ट ओढलेला. या भागीरथीकाकू. कप घेताना त्यांनी विचारलं, "आत काय सांगता वो बाई?"

मी घाईत होते. म्हटलं, "काही नाही काकू, बायकांचं असतं आपलं."

"बरं," म्हणाल्या आणि कप भरायला लागल्या.

*

सिस्टरांनी कापडाचा एक स्तन शिवला होता. आत कापूस आणि कापसात वालाचा एक दाणा. बायकांनी बोटांनी चाचपून गाठ शोधायची. पहिल्या खेपेला एकीने झटक्यात शोधली. "घावली! पन एका दान्यात डाळिंब्यांची उसळ व्हायची नाय हो!" समाजमंदिर हसून लोटपोट.

दुसऱ्या खेपेला गेलो ते पावसाळ्यात. पिशवीत पाणी शिरलेलं. तीच बाई पुन्हा पुढे आली, चाचपलं, थांबली, शिवण फाकवून आत बघितलं. "बाई, तुमच्या गाठीला मोड आला!"

मी हा किस्सा महाडभर सांगितला. बाहेर चहा करणाऱ्या बाईची गाठ तेव्हा केवढी झाली होती, ते नंतर कळलं.

*

मधल्या काळात एका घरी गेलो. बायकोला पोटाचा कॅन्सर. नवऱ्याने कुंपणाच्या बेड्यापाशी, फाटकातच गाठलं. "तिला सांगू नका. अल्सर हाय म्हणून सांगितलाय."

आत गेलो. नवरा पाणी आणायला वळला तशी ती कुजबुजली, "मना ठावं हाय सगळा. पन ह्यांना सांगू नका. खचतील."

मी दोघांनाही वचन दिलं! तासभर पावसावर आणि भातावर गप्पा मारल्या. बाहेर पडल्यावर म्हटलं, "कसं सांभाळलं ना मी?"

सिस्टर म्हणाल्या, "हो. वाटायला नेलेली माहितीपत्रकंसुद्धा परत घेऊन आलो आपण."

*

भागीरथीकाकूंच्या गावी तिसऱ्यांदा गेलो. पुन्हा हळदीकुंकूच. सिस्टर हात धुवायला बाहेर गेल्या आणि बराच वेळ आल्याच नाहीत. बघायला गेले तर काकू डाव्या हाताने पातेलं उतरवत होत्या. उजवा दंड सुजलेला. सिस्टरांनी त्यांना पडवीच्या आड नेलं, तपासलं आणि बाहेर येऊन माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "उद्याच्या उद्या न्यायला हवं."

"काकू, कधीपासून आहे हे?" मी विचारलं.

"तुमी पयल्यांदा आलात त्याच्या आदीपासून."

"अहो, मग आत का नाही आलात? आम्ही तेच तर सांगत होतो!"

काकूंना माझा प्रश्नच कळेना. लहान मुलीला सांगावं तसं सांगितलं, "हळदीकुंकू व्हता ना बाई."

मला कोणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. आयुष्यभर पोरांना समतेचे धडे शिकवले आणि ताट फिरवताना एकदाही दाराबाहेर बघितलं नाही.

*

काकूंना मुंबईला नेलं. ऑपरेशन झालं, केमो झाली. डॉक्टर म्हणाले, वर्षभर आधी आला असतात तर एवढं करावं लागलं नसतं. काकूंनी ते ऐकलं आणि मला विचारलं, "बाई, तुमी जेवलात का?"

काकू घरी आल्यावर आम्ही त्या गावात चौथी मीटिंग ठेवली. ताट नाही, वाण नाही. पुढची खुर्ची काकूंसाठी राखलेली. मी सगळ्यांसमोर माफी मागायची म्हणून चिठ्ठीवर लिहूनही नेलं होतं.

मीटिंगची वेळ झाली तरी खुर्ची रिकामीच. मी चिठ्ठी हातात चुरगळत उभी.

मग दारात काकू दिसल्या. डोक्याला टॉवेल बांधलेला. त्यांच्यामागे एकीचा हात धरून दुसरी, अशा सहा-सात बाया. सगळ्यांची कपाळं मोकळी, सगळ्या उंबऱ्याबाहेर थबकलेल्या. काकूंनी एकेकीला दंडाला धरून आत ओढलं, पुढच्या रांगेत बसवलं आणि माझ्याकडे वळल्या.

"बाई, ह्या पन बायकाच हायत. आज चा तुमी ठेवा."