ऑम्निबसचं शेपूट

आमचे कंडक्टरकाका दिसायला पहिलवान. आवाज असा, की "तिकीट!" म्हटल्यावर झोपलेला उतारू पुढच्या थांब्याला आपोआप उतरायचा. पण गाडीत एखादं पोर रडू लागलं, की हाच पहिलवान स्वतःची शिट्टी धुऊन त्याच्या हातात द्यायचा. मग घरी पोहोचेपर्यंत ते पोर गाडी चालवायचं.

त्यांचा मार्ग सगळ्यांत लांबचा आणि सगळ्यांत रिकामा. शेवटच्या थांब्यासमोर तळमजल्यावरच्या खोलीत त्यांची मोठी बहीण एकटी राहायची. गुडघे गेलेले, नजर जेमतेम. ड्रायव्हरचा चहा होईपर्यंत काका तिच्याकडे धावत. पाणी भरायचं, औषधं लावायची, पायाची नखं कापायची.

"धाकट्या, बोट राहू दे हं जागेवर!"

"तिकिटं फाडून हात बसलाय, ताई. हलू नकोस."

ताईचा दिवस एवढ्यावर चालायचा. तिला दुसरं कुणी नव्हतं.

त्याच गाडीनं एक निवृत्त प्राध्यापिका येत-जात. जन्मभर लॅटिन शिकवलेलं, त्यामुळे बोलायला माणूस मिळण्याची मारामार. त्यांना काका सापडले.

"'बस' हा पुरा शब्दच नाही," एकदा त्या म्हणाल्या. "मूळ शब्द ऑम्निबस. म्हणजे सगळ्यांसाठी."

"मग बस म्हणजे सगळे?"

"नाही हो. 'सगळे' होतं 'ऑम्नि'मध्ये. ते लोकांनी छाटलं. उरलं शेपूट. त्याचा अर्थ फक्त 'साठी'."

"अरे देवा! म्हणजे मी इतकी वर्षं 'साठी'त आहे? मला वाटत होतं, अजून लागायचीय!"

"काही भाषांनी पुढे 'ऑटो' जोडलं. ऑटोबस. म्हणजे 'आपोआप-साठी'."

"आणि आपल्याकडे 'बस' म्हणतात आणि कंडक्टरला उभं ठेवतात!"

बाई इतक्या हसल्या, की त्यांचा थांबा मागे गेला.

पुढच्याच महिन्यात बातमी आली, की हा मार्ग बंद होणार. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. स्वच्छ गणवेश घालून ते साहेबांकडे गेले. लॅटिन हे त्यांचं हुकमाचं पान.

"साहेब, बस म्हणजे सगळ्यांसाठी! मूळ शब्दातच आहे तसं. ऑम्नि म्हणजे..."

"काका, बस!" साहेब म्हणाले.

साहेब एकेरीवर आले, म्हणजे घरचं मानलं, असं समजून काका खुर्ची ओढून ऐसपैस बसले आणि लॅटिन पहिल्यापासून सुरू केलं.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, बस म्हणजे पुरे! तुमच्या गाडीत चार माणसं असतात. चार माणसं म्हणजे सगळे नव्हेत."

"मग सगळे कितीपासून सुरू होतात, साहेब?"

"ते वरचे ठरवतात."

मार्ग बंद झाला. काकांना शहराच्या दुसऱ्या टोकाचा मार्ग मिळाला, मरणाच्या गर्दीचा. आता ताईकडे जायचं तर दोन गाड्या बदला, वर तंगडतोड करा. सुट्टीच्या दिवशीच जमायचं, तेही कधीमधी. त्यांनी ताईला पुन्हा पुन्हा समजावलं. ताई मान हलवायची आणि दुपार झाली, की भिंत धरत थांब्यावर जाऊन बसायची.

एका संध्याकाळी गाडी खच्चून भरलेली असताना फोन वाजला. थांब्याजवळच्या दुकानदाराचा होता. त्यानं फोन ताईच्या कानाला लावला.

"धाकट्या, आज उशीर रे?"

"ताई, गाडी बंद झाली. सांगितलं ना?"

"का बंद?"

"माणसं नाहीत म्हणतात."

"मी बसलेय की इथं."

मागून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, झोपलात का? घंटी मारा!" काकांनी घंटी मारली.

दुकानदारानं फोन परत घेतला. "काका, अंधारून आलंय. यांना घरात नेऊन सोडतो."

"सोडा."

"पण उद्या येऊन बसतीलच त्या."

"हो," काका म्हणाले, आणि तिकिटं फाडू लागले.